हवा गरम केली की नॉक्स वाढतो, मग फ्लेमलेस बर्नरमध्ये तो कमी कसा होतो?

नमस्कार. तुमच्या प्रश्नातून मला जे समजलं ते आधी लिहितो, काही चुकलं असेल तर तिथेच सांगा. चाकणला तुमची फोर्जिंगची भट्टी आहे, बिलेट (पोलादाचे ठोकळे) १२०० च्या आसपास तापवता, फर्नेस ऑइल सोडून पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर) आलात, मग गॅसचं बिल बघून रिक्युपरेटर (बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने बर्नरची हवा तापवणारा) बसवला आणि आता ३५० डिग्रीची गरम हवा बर्नरला जाते. गॅस कमी झाला, पण स्टॅक टेस्टिंगमध्ये, म्हणजे चिमणीतला धूर तपासताना, नॉक्स (नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडं) वाढलेला आला आणि प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचं, म्हणजे परवानगीचं, रिन्यूअल तोंडावर आलंय. त्यात एक सप्लायर म्हणतोय की फ्लेमलेस बर्नर लावा, हवा अजून गरम करा, ज्योत दिसणारच नाही, नॉक्स जवळपास शून्य होईल आणि गॅस ४० टक्के वाचेल. तुमचं विचारणं असं की हवा गरम केल्यानेच नॉक्स वाढला असेल तर आणखी गरम करून तो उतरेल कसा, हा माणूस फसवतोय का, आणि ज्योतच दिसली नाही तर गॅस जळतोय हे कळणार कसं.

फसवत नाहीये. पण अर्धंच सांगतोय, आणि जे अर्ध सांगत नाहीये त्यावरच तुमचे पैसे वाचणार की बुडणार ते ठरतं.

आधी नॉक्स का वाढला ते बघू. पीएनजीमध्ये इंधनाच्या रेणूत बांधलेला नायट्रोजन नाही, म्हणजे तुमचा जवळपास सगळा नॉक्स हवेतल्याच नायट्रोजनपासून होतो. नायट्रोजनचा रेणू फोडणं फार अवघड, त्याला प्रचंड तापमान लागतं, पण एकदा ते तापमान मिळालं की नॉक्स नुसता वाढत नाही, उसळतो. साधारण १५००-१५५० डिग्री सेल्सियसच्या खाली ही रिअॅक्शन इतकी सावकाश चालते की भट्टीत गॅस जेवढा वेळ थांबतो तेवढ्यात फारसं काही होत नाही, आणि १७०० च्या वर गेलात की दर ४०-५० डिग्रीला नॉक्स तयार व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड हवेत मिथेन जळला तर ज्योतीचं कागदावरचं कमाल तापमान १९५० च्या आसपास येतं. हवा १०० डिग्रीने गरम केली की ते ४०-५० डिग्रीने वर सरकतं. तुमच्या ३५० च्या हवेने ज्योतीचा सगळ्यात तापलेला भाग दीडशेएक डिग्रीने वर गेला. प्रत्यक्षात ज्योत आजूबाजूला उष्णता फेकत असते म्हणून कागदावर दिसते तितकी वाढ येत नाही, पण दिशा तीच. म्हणून नॉक्स वाढला, यात तुमच्या ऑपरेटरचा काही दोष नाही.

आता इथेच बहुतेकांची गल्लत होते. दोष गरम हवेचा नाहीये. दोष आहे गरम हवा, तिच्यातला पूर्ण २१ टक्के ऑक्सिजन आणि गॅस हे तिघं एका छोट्या जागेत, बर्नरच्या तोंडाशी, एकदम भेटतात त्याचा. भट्टीचं तापमान १२०० आणि ज्योतीच्या पोटात २१००, म्हणजे ९०० डिग्रीचा डोंगर आपण विनाकारण उभा करतो, बिलेटला तर १२०० च्या आसपासच जायचंय. फ्लेमलेसमध्ये हा डोंगर सपाट करतात, आणि तो सपाट होतो भट्टीतल्याच जळून गेलेल्या गॅसने.

म्हणजे होतं असं. हवा आणि गॅस वेगवेगळ्या नोझलमधून, जोरात, भट्टीत सोडतात. दोन्ही धारा जाताजाता आजूबाजूचा जळालेला गॅस आत ओढून घेतात, आणि तो भरपूर मिसळून झाल्यावरच त्या एकमेकींना भेटतात. आता हिशोब करून बघा. हवा आणि गॅस मिळून एक किलो, त्यात मिसळला तीन किलो जळालेला गॅस. त्या गॅसमध्ये ऑक्सिजन २ टक्के धरला तर मिश्रणातला ऑक्सिजन २१ वरून साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. मिश्रणाचं तापमान, भट्टी १२०० आणि हवा ६०० धरली तर, साधारण १०५०. इंधनाची उष्णता तेवढीच, पण ती आता एका किलोऐवजी चार किलोंना तापवते, म्हणून तापमानाची उडी दोनेक हजाराऐवजी साडेचारशे-पाचशेची. १०५० अधिक ५०० म्हणजे १५५०. तेच ६०० डिग्रीची हवा जुन्या पद्धतीच्या बर्नरमध्ये जाळलीत तर हा आकडा २२०० च्या घरात जातो. हवा तीच, गॅस तोच, उष्णताही तेवढीच, आणि नॉक्समध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मग प्रश्न येतो की इतका ऑक्सिजन कमी केल्यावर ते जळतं कसं, विझत का नाही. थंड फ्लू गॅस (जळून निघालेला धूर) परत फिरवून बॉयलरमध्ये नॉक्स कमी करायची पद्धत तुम्ही बघितली असेल, तिथे प्रमाण थोडं वाढवलं की ज्योत थरथरते आणि सुटते. इथे ती सुटत नाही कारण मिश्रणच आपोआप पेटण्याच्या तापमानाच्या वर असतं, त्याला पेटवायला ज्योतीची गरजच उरत नाही. म्हणून हवा गरम असणं आणि ती पातळ करणं हे दोन्ही बरोबरच लागतात. नुसती गरम केलीत तर नॉक्स वाढतो (तुमचं हेच झालंय), नुसती पातळ केलीत तर आग विझते किंवा कार्बन मोनॉक्साइड सुटतो. सप्लायर तुम्हाला 'हवा अजून गरम करू' हे मोठ्याने सांगतोय आणि 'पातळ करू' हे पुटपुटतोय, कारण पहिलं काम रिक्युपरेटर करतो आणि दुसरं काम तुमच्या भट्टीला करायचंय.

ही पद्धत नवीन किंवा प्रयोगशाळेतली नाही, हेही सांगतो म्हणजे विश्वास बसेल. १९८९ मध्ये जर्मनीत योआखिम व्युनिंग रिक्युपरेटिव्ह बर्नरवर काम करत होते, भट्टी १००० डिग्रीला, हवा ६५० च्या आसपास, आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्योत दिसत नाही, ज्योत ओळखणारा यूव्ही सेन्सर काही दाखवत नाही, पण इंधन पूर्ण जळतंय, धुरात कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही आणि नॉक्स मोजायलाही मुश्किलीने सापडतोय. तिथून फ्लॉक्स नावाचे बर्नर आले, आणि २०११ चा जर्मनीचा राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळणारा पर्यावरण पुरस्कार या कामाला, म्हणजे व्युनिंग बाप-लेकांना, मिळाला. जपानने त्याच सुमारास हेच दुसऱ्या बाजूने केलं, त्यांना इंधन वाचवायचं होतं, म्हणून सिरॅमिकच्या रिजनरेटरमधून (धुराची उष्णता आधी साठवून मग हवेला देणारा थर) हवा हजार डिग्रीपर्यंत तापवायची आणि तरी नॉक्स दाबायचा. इटलीत नेपल्सच्या काव्हालिएरे आणि द जोआनोन यांनी २००४ मध्ये या सगळ्याला माइल्ड कंबशन म्हणून एक नीट व्याख्या दिली: मिश्रण जळायच्या आधीच आपोआप पेटण्याच्या तापमानाच्या वर हवं, आणि जळताना होणारी वाढ त्या तापमानापेक्षा कमी हवी. आपल्याकडे बंगळूरच्या आयआयएस्सीत मुकुंदा, पॉल आणि सुदर्शन कुमार यांनी २००२ च्या सुमारास यावर काम छापलं, आणि पुढे पवईला आयआयटीच्या एरोस्पेस विभागात केरोसीनसारख्या द्रव इंधनावरही झालं. तेव्हा शास्त्राबद्दल शंका नको. शंका घ्यायची ती तुमच्या भट्टीबद्दल.

तुमची भट्टी यात बसते का, हे मी न बघता छातीठोक सांगू शकत नाही, पण कशावर अवलंबून आहे ते सांगू शकतो.

सगळ्यात पहिलं, ती किती वेळ गरम असते. फ्लेमलेस मोड साधारण ८५० डिग्रीच्या वर चालतो. त्याखाली बर्नर नेहमीसारखाच ज्योतीवर चालतो आणि ज्योतीवर असताना नॉक्सही नेहमीसारखाच देतो, काही वेळा जास्त. तुम्ही जर तीन शिफ्ट चालवत असाल आणि भट्टी आठवड्यातून एकदाच थंड होत असेल तर उत्तम. पण चाकण-भोसरीकडे कितीतरी छोट्या फोर्जिंग युनिट्समध्ये भट्टी सकाळी पेटवतात आणि संध्याकाळी बंद करतात, दोन-तीन तास तर नुसते वर चढवण्यात जातात, तिथे महागडा बर्नर लावून त्याचा अर्धाच उपयोग होतो. अशा ठिकाणी मी आधी इन्सुलेशन बघायला सांगतो, विटांच्या आतून सिरॅमिक फायबर लावलं तर भट्टी लवकर चढते. तुमच्या शिफ्ट किती हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच आहे.

दुसरं, आत जागा किती आहे. याच्यावर जरा थांबतो कारण कोटेशनमध्ये हे कधीच नसतं. मोकळ्या धारेने आजूबाजूचा गॅस किती ओढला हे ती किती पुढे गेली आणि नोझल किती मोठा यावर ठरतं. चार पट व्हायला, म्हणजे वरच्या हिशोबातला एकास तीन, तुमच्या तापमानांना धारेला नोझलच्या व्यासाच्या साधारण १६ पट अंतर मोकळं लागतं. नोझल ४० एमएमचा असेल तर ६५० एमएम. म्हणजे गॅसची धार आणि हवेची धार भिंतीपासून निदान तेवढं पुढे गेल्यावर भेटायला हव्यात, आणि त्या वाटेत बिलेट, हार्थ (भट्टीचा तळ) किंवा समोरची भिंत यायला नको. शिवाय हवेचा वेग ८०-१०० मीटर प्रति सेकंद तरी हवा, ४० एमएमच्या एका नोझलमधून ६०० डिग्रीची हवा त्या वेगाने गेली तर सुमारे १३५ किलोवॅट मिळतात, म्हणजे ताशी सव्वा लाख किलोकॅलरीच्या जरा खाली. यावरून तुम्हीच मोजा, तुमच्या एकूण फायरिंग रेटला असे किती नोझल लागतील आणि ते तुमच्या बाजूच्या भिंतीवर मावतील का. खूप जवळजवळ बसवले तर प्रत्येक धार शेजारच्या धारेच्या वाट्याचा गॅस ओढायला बघते आणि कुणालाच पुरेसा मिळत नाही.

जुन्या भट्ट्यांमध्ये बर्नरचा टाइल, तो शंकूसारखा ब्लॉक, मुद्दाम ज्योत धरून ठेवायलाच केलेला असतो. तो तसाच ठेवून पुढे नवीन बर्नर लावला तर हवा आणि गॅस त्या शंकूतच भेटतात आणि जळतात, फ्लेमलेस राहतं नावापुरतं. रिट्रोफिट म्हणजे भिंत फोडून नवीन ब्लॉक बसवणं आलं, त्याचा शटडाऊन आणि रिफ्रॅक्टरीचा खर्च कोटेशनमध्ये आहे का ते बघा.

तिसरं, गळती. फोर्जिंगच्या भट्टीचं दार दिवसभर उघडझाप होत असतं, स्लॉट फर्नेस असेल तर तोंड उघडंच असतं. भट्टीत दाब जरा जरी निगेटिव्ह असेल तर बाहेरची थंड हवा आत शिरते. ती हवा तीन प्रकारे नडते: जळालेल्या गॅसमधला ऑक्सिजन वाढवते, म्हणजे ज्याने पातळ करायचं तोच दाट होतो आणि नॉक्स वर जातो, बिलेटवर स्केल (ऑक्साइडचा पापुद्रा) वाढवते, आणि तिला १२०० पर्यंत तापवायला तुमचाच गॅस जातो. मी एकदा अशाच एका भट्टीवर गेलो होतो, बर्नर चांगले होते, सेटिंग बरोबर होतं, आणि नॉक्स काही केल्या उतरेना. दाराखालच्या फटीपाशी कागदाची पट्टी धरली तर ती सरळ आत खेचली गेली. डॅम्पर (धुराच्या वाटेतली झडप) थोडा बंद करून दाब हार्थच्या पातळीला किंचित पॉझिटिव्ह केला, दाराच्या कडेला फायबरचा रोप लावला, आणि भट्टीतला ऑक्सिजन ७ वरून ३ च्या खाली आला. नॉक्स त्याच दुपारी उतरला, बर्नरला हातही न लावता. म्हणून माझं तुम्हाला ठाम सांगणं आहे की नवीन बर्नरची ऑर्डर देण्याआधी दार, फटी आणि डॅम्पर नीट करून परत एकदा नॉक्स मोजा. कदाचित कन्सेंटपुरता प्रश्न तिथेच सुटेल.

आणि मोजण्याचं म्हणाल तर, तुम्ही लिहिलेला पीपीएम कुठे मोजलाय आणि तेव्हा ऑक्सिजन किती होता? नुसत्या पीपीएमला काही अर्थ नाही. रिक्युपरेटर जळू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी फ्लू गॅसमध्ये थंड हवा सोडतात, त्याने चिमणीत ऑक्सिजन १२-१३ टक्के दिसतो आणि नॉक्सचा आकडा खोटा कमी दिसतो. हिशोब सोपा आहे: मोजलेला पीपीएम गुणिले १७.९ आणि भागिले २०.९ वजा मोजलेला ऑक्सिजन, म्हणजे ३ टक्के ऑक्सिजनला किती ते मिळतं. १३ टक्क्यांना ११० पीपीएम म्हणजे ३ टक्क्यांना सुमारे २५० पीपीएम. त्याला २.०५ ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर, साधारण ५१०. दोन रिपोर्टची तुलना करताना दोन्ही असे एकाच ऑक्सिजनवर आणा, नाहीतर रिक्युपरेटर लावायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा यांची तुलनाच होत नाही, कदाचित वाढ वाटते तेवढी नसेलही किंवा वाटते त्यापेक्षा जास्त असेल. अजून एक, रिक्युपरेटरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे ऑक्सिजन मोजा, थंड हवा सोडायची बंद ठेवून. नंतरचा बराच जास्त आला तर ट्यूब फुटलीय आणि तुमची कंबशनची हवा सरळ चिमणीत चाललीय.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची पण आहे. रिक्युपरेटरने गॅस पाऊणपट झाला असेल तर फ्लू गॅसही पाऊणपट झाला. पीपीएम दीडपट झाला तरी तापवलेल्या बिलेटच्या टनामागे नॉक्स दीडपट नाही, सव्वापटीच्याही आतच वाढला. बोर्ड आकडा कॉन्सन्ट्रेशनमध्ये मागतं त्यामुळे तिथे याचा उपयोग नाही, पण गरम हवा वापरली म्हणून आपण काही मोठं पाप केलं असं वाटून रिक्युपरेटर बायपास करू नका, असं करणारे मी बघितलेत आणि मला ते बघवत नाही.

आता ४० टक्के बचतीचं. हा आकडा खोटा नाही, पण तो थंड हवेच्या तुलनेत आहे, आणि तुम्ही थंड हवेवर नाही. भट्टीतून जळालेला गॅस १२०० ला बाहेर पडतो असं धरून आणि १० टक्के जास्तीची हवा धरून मी ढोबळ हिशोब केला. थंड हवेवर गॅसमधल्या १०० भाग उष्णतेपैकी भट्टीला ३९-४० मिळतात, बाकी चिमणीत. हवा ३५० ला असेल तर ५२. हवा ६०० ला असेल तर ६२, आणि रिजनरेटरने ९०० केली तर ७५ च्या आसपास. म्हणजे थंड हवेवरून ६०० ला गेलात तर ३५-३७ टक्के गॅस वाचतो, तिथून तो ४० आला असणार. पण तुम्ही ३५० वरून ६०० ला जाणार, तुमची बचत ५२ आणि ६२ मधली, म्हणजे १६ टक्के. रिजनरेटर लावून ९०० ला गेलात तर तीसेक टक्के. १६ टक्केही कमी नाहीत, पण पेबॅक ४० वर काढलेला असेल तर तो कागद बाजूला ठेवा आणि परत मागा.

रिजनरेटरकडे जायचं का? तुमच्या बाबतीत मी सावध राहीन. फोर्जिंगच्या भट्टीत स्केलची धूळ उडते, ती रिजनरेटरमधल्या हनीकोंबच्या (मधाच्या पोळ्यासारख्या सिरॅमिकच्या) बारीक भोकांत बसते आणि प्रेशर ड्रॉप वाढत जातो. हनीकोंबऐवजी अॅल्युमिनाचे गोळे असतील तर काढून धुता येतात, पण ते करणारा मेन्टेनन्सचा माणूस आणि वेळ हवा. दर मिनिटाला-दीड मिनिटाला दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचीही देखभाल आली. मोठ्या, सतत चालणाऱ्या रिहीटिंग भट्टीला ते परवडतं. जालन्याच्या री-रोलिंगवाल्यांना मी ते विचारात घ्यायला सांगेन, फक्त प्रोड्युसर गॅसवर (कोळशापासून केलेल्या गॅसवर) असतील तर त्या गॅसमधला टार आणि अमोनिया आधी काढावा लागेल, कारण इंधनातच असलेल्या नायट्रोजनचा नॉक्स पातळ करून तितका जात नाही. फर्नेस ऑइललाही तेच लागू. तुम्ही पीएनजीवर आहात हे या बाबतीत तुमचं मोठं नशीब.

आता सेफ्टी, जो तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. फ्लेमलेस चालू असताना पीप होलमधून बघितलं तर आत निळं-पिवळं काही नाचताना दिसत नाही. बिलेटच्या कडा, मागच्या भिंतीच्या विटांचे सांधे, थर्मोकपलचं टोक, सगळं एका नारिंगी उजेडात स्वच्छ दिसतं, आणि बर्नरचा घों-घों आवाजही बराच खाली येतो. नवीन ऑपरेटरला वाटतं की बर्नर विझला, आणि तो ट्रिप करायला धावतो. त्याला आधीच शिकवून ठेवा. यूव्ही सेन्सरलाही ज्योत दिसत नाही, म्हणून या मोडमध्ये बर्नरची खात्री ज्योतीवर नाही तर भट्टीच्या तापमानावर घेतात. युरोपच्या ईएन ७४६-२ या भट्टी-सुरक्षेच्या मानकामध्ये ७५० डिग्रीच्या वर ज्योतीवर लक्ष ठेवणं सोडायला परवानगी आहे, अमेरिकेच्या एनएफपीए ८६ मध्ये तोच आकडा १४०० फॅरनहाइट, म्हणजे ७६०. त्याच्या वर गॅस आत गेला की तो जळणारच, साठून राहणार नाही, असा त्यामागचा विचार. ८५० ला मोड बदलतात तो वरचा फरक त्यासाठीच ठेवलेला असतो.

पण यात एक खाच आहे. तो आकडा कुठल्या थर्मोकपलचा? छताजवळ, बर्नरच्या वर बसवलेला थर्मोकपल ९०० दाखवेल आणि दाराजवळ, जिथे आत्ताच थंड बिलेटचा ढीग लावलाय, तिथे ७०० असेल. इंटरलॉकचा थर्मोकपल भट्टीच्या सगळ्यात थंड कोपऱ्याला हवा, कंट्रोलच्या थर्मोकपलपासून वेगळा हवा, आणि तुटला तर गॅस बंद होईल असा जोडलेला हवा. थंड भट्टीत पर्ज (पेटवण्याआधी आत साठलेला गॅस हवेने बाहेर काढणं), पायलट, ज्योतीची खात्री हे सगळं नेहमीसारखंच, त्यात काही सूट नाही. एखादा सप्लायर म्हणाला की यूव्ही काढूनच टाकू, तर त्याला नमस्कार करून परत पाठवा.

कंट्रोलबद्दल एकच सांगतो. गॅस-हवा हळूहळू कमी-जास्त करणारं जुनं कंट्रोल यात चालत नाही. फ्लो अर्धा केला की धारेचा जोर पावपट होतो, धार वर वळते, आतलं फिरणं मंदावतं आणि मिसळणं बिघडतं. म्हणून बर्नर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, असे आळीपाळीने चालवतात. त्याला चांगले सोलेनॉइड आणि प्रत्येक बर्नरला वेगळा व्हॉल्व्ह लागतो. ब्लोअरचा दाब बहुतेक पुरेल, ६०० डिग्रीच्या हवेला १०० मीटर प्रति सेकंद वेग द्यायला नोझलपाशी २०० एमएम पाण्याचा दाब लागतो, पण त्यात रिक्युपरेटर आणि पाइपचा ड्रॉप मिळवा आणि गरम पाइपिंगला इन्सुलेशन आहे ना ते बघा, कितीतरी ठिकाणी रिक्युपरेटरमधून निघालेली हवा बर्नरपर्यंत जाईतो शंभर डिग्री गमावते.

इथपर्यंतचं एका ओळीत: पद्धत खरी आहे, पण ती बर्नरच्या खोक्यात मिळत नाही, ती भट्टीच्या तापमानात, मोकळ्या जागेत आणि घट्ट दारात असते.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आधी दार, दाब आणि जास्तीची हवा नीट करून, भट्टीच्या तोंडाशी, थंड हवा मिसळायच्या आधी, नॉक्स, ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजले असते. तेवढ्याने कन्सेंटचा आकडा आत आला तर घाई करू नका, पुढच्या रिलायनिंगच्या (आतलं अस्तर बदलण्याच्या) वेळी भिंत फोडायचीच आहे तेव्हा फ्लेमलेसचं बघा. आकडा आत नाही आला, भट्टी दोन-तीन शिफ्ट चालते आणि आत जागा आहे, तर फ्लेमलेस घ्या, पण एकाच भट्टीवर. आणि भट्टी रोज थंड होत असेल तर साधा स्टेज केलेला (हवा किंवा गॅस टप्प्याटप्प्याने सोडणारा) लो-नॉक्स बर्नर तुम्हाला जास्त परवडेल, तो शून्याच्या जवळ जाणार नाही पण रोजच्या रोज काम करेल.

ऑर्डर द्यायची वेळ आलीच तर गॅरंटी 'नॉक्स इतका' एवढीच घेऊ नका. भट्टी किती डिग्रीला, हवा किती डिग्रीला, किती टक्के ऑक्सिजनवर धरून, पूर्ण लोडला आणि थंड बिलेट चार्ज केल्यावर दोन्ही वेळा, आणि त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड किती, हे सगळं लिहून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचं मुद्दाम, कारण जास्तच पातळ करून किंवा हवा कमी करून नॉक्स खाली दाखवता येतो आणि मग गॅस अर्धवट जळून चिमणीत जातो. मोजमाप तुमच्या लॅबचं, त्याच्या अनालायझरचं नाही. काही रक्कम त्या रिपोर्टपर्यंत राखून ठेवा.

आणि इथे एवढं टाका: शिफ्ट किती, भट्टीची आतली लांबी-रुंदी-उंची, बर्नर किती आणि कुठल्या भिंतीवर, स्टॅक रिपोर्टमधला ऑक्सिजन, आणि रिक्युपरेटरच्या आधी-नंतरचं फ्लू गॅसचं तापमान. भट्टीचा हाताने काढलेला स्केच असला तरी चालेल. नोझल कुठे बसतील ते त्यावरून बघून सांगतो.